आईचा श्वास, तोच बाळाचा श्वास
(गरोदर माता व त्यांच्या घरच्या मंडळींसाठी)



पेण-रोह्याकडे गावात बैठक घेतली की एखाद्या सासूबाई हमखास विचारतात, "आमचीही बाळंतपणं चुलीपुढंच झाली. आमचं काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. पण त्यांनाच विचारावे, मुले किती झाली आणि जगली किती? उत्तर देताना त्या जरा थांबतात. त्या थांबण्यातच आजचा धडा आहे.

पोट म्हणजे भिंत नव्हे

बाळाला अन्न व प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेतून मिळतो. त्याच वाटेने धूर, तंबाखू व शिसे यांचे विषही जाते. जपानमध्ये मिनामाता येथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला आणि मासळीत उतरला. १९५६ साली हा रोग उघडकीस आला. तिथे काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळे मेंदूला इजा होऊन जन्मली.

एवढे मोठे संकट नसले तरी रोजचे थोडे थोडे विष बाळाची वाढ खुंटवते. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होते किंवा ३७ आठवड्यांच्या आत जन्मते. अशा बाळाला आजार लवकर गाठतो. आता आपल्या घराकडे पाहू.

१. चूल : धुरातला विषारी वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. मग बाळाचा श्वास कमी पडतो. पुष्कळ घरांत सिलिंडर आहे, पण भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच! निदान हे नऊ महिने भाकरी गॅसवर करा. पाण्याची चूल बाहेर मांडा, लाकूड सुके वापरा आणि जाळ घालायला घरातल्या दुसऱ्या माणसाने बसावे. वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाणाऱ्या बहिणींनी भट्टी पेटलेली असताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला काम मागून घ्यावे.

२. मिश्री : "दात घासण्यापुरती" म्हणतात, पण ती तंबाखूच. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली व २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री किंवा इतर तंबाखू तोंडात धरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. शिवाय घरातल्या पुरुषांची विडी अंगणाबाहेरच राहावी.

३. गणपतीचे कारखाने : पेण, हमरापूर, जोहे येथे अनेक बायांची चूल या कामावर पेटते. "काम सोडा" असे आम्ही सांगणार नाही. कामाचा प्रकार बदला. गरोदर बाईने स्प्रेचा रंग, थिनर आणि मूर्ती कोरड्या घासण्याचे काम टाळावे. ओल्या शाडूचे काम किंवा मोकळ्या हवेतली बांधाबांध करावी. कुंचला ओठांत धरू नये. हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये. कारखानदार बंधूंनो, एवढी अदलाबदल करायला पैसा लागत नाही.

रंगातले शिसे बाळाच्या मेंदूला बाधते. घरगुती व सजावटीच्या रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. तरी सुटी पूड आणि जुने डबे यांवर भरवसा नको. खरा शेंदूर तर शिशाचाच असतो.

४. धाटावची नोकरी : रसायनाच्या कारखान्यातून येणाऱ्या माणसाने कपडे बाहेर उतरवावेत, हातपाय धुवावेत, मगच घरात यावे. ते कपडे वेगळे धुवावेत आणि गरोदर बाईने धुऊ नयेत. उग्र वास आला तर वास येतो त्या बाजूला जाऊ नका. वारा वाहतो त्याच्या आडव्या दिशेने दूर जा.

५. शेत : भाताला किंवा वालाला औषध मारताना गरोदर बाईने बांधावरही थांबू नये. औषधाचा डबा धुऊन त्यात पाणी भरू नये. तो डबा कधीच "स्वच्छ" होत नाही.

पाळी चुकली की सांगा

बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात. पुष्कळदा तोवर कुणाला सांगितलेलेही नसते. म्हणून पाळी चुकताच आशाताईंना गाठा, उपकेंद्रात नाव नोंदवा, आणि आपण कुठले काम करतो हे न विसरता सांगा.

लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, मात्र दोन्ही एका वेळी घेऊ नका. अंगात लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. हाडांत साठलेले जुने शिसेही गरोदरपणी रक्तात उतरते. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर ठेवले, तर अंगाची झीज भरून यायला वेळ मिळतो.

सासूबाई, शेवटची विनंती तुम्हाला. सुनेच्या हातची फुंकणी तुम्ही घ्या. येणारे नातवंड अडीच किलोच्या वर भरेल, त्यात तुमचाही वाटा असेल.

धूर टाळा, मिश्री सोडा, हात धुवा — बाळ सुदृढ, घर सुखी!