न पाहिलेल्या मुलाच्या वतीने

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांच्या घरी जाऊन अहवाल लिहिणं हे काम बाहेरून फार सौम्य दिसतं. नीटनेटकं घर, उत्सुक नवरा-बायको, पोह्यांची बशी, तासभर गप्पा आणि शेवटी ‘शिफारस करण्यात येते’ एवढं एक वाक्य. छत्रपती संभाजीनगर शहरात आणि पैठण, वैजापूर, सिल्लोड, कन्नडपर्यंतच्या गावांत मी हे काम करत आले. कुठल्या संस्थेच्या पगारावर नाही, तर पॅनेलवरची समाजकार्यकर्ती म्हणून. एमएसडब्ल्यू झालेली नवी मुलंमुली आता या कामात येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घरभेटीच्या त्या बैठकीत पालक समोर असतात, त्यांचं दुःख समोर असतं, त्यांचं वर्षानुवर्षं वाट पाहणं समोर असतं. मूल मात्र तिथे नसतं. त्याच्या बाजूने बोलायला त्या खोलीत आपल्याशिवाय कोणीही नसतं.

एका घराबद्दल आधी सांगते. तपशील बदलले आहेत. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी आहे, आणि ती नसती तरी मी बदललेच असते.

तालुक्याच्या गावातलं जोडपं. सहा-सात वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे दिला गेला आणि काही महिन्यांनी त्यांनी त्याला परत आणून सोडलं. नेमकं काय झालं ते समजून घ्यायला मला त्या घरी पाठवलं गेलं. आधीचा अहवाल दुसऱ्या कोणी केला होता, तो मी वाचून गेले. पगाराच्या स्लिपा, घराच्या खोल्या, वैद्यकीय प्रमाणपत्रं, लग्नाची तारीख, सगळं बिनचूक. पण त्या घरात कोण बोलतं, कोण गप्प बसतं आणि शेवटचा शब्द कोणाचा चालतो, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. भेट एका दुपारी उरकली होती. नवरा कामावर, सासूबाई देवळात.

मी गेले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “ताई, मला कोणी इचारलं?” त्यांना वाटलं होतं पाळण्यातलं बाळ येणार. जोडप्यानेही नोंदणी करताना दोन वर्षांच्या आतलंच मूल मागितलं होतं. वाट पाहून थकल्यावर त्यांनी वयोगट बदलला, कारण मोठी मुलं लवकर मिळतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं. त्यांना मोठं मूल हवं नव्हतं, रांग टाळायची होती. या दोन गोष्टींतला फरक ओळखणं हे अहवाल करणाऱ्याचं पहिलं काम होतं.

मुलगा उशीखाली पोळी लपवायचा. रात्री अंथरूण ओलं करायचा. शाळेतून आला की ‘आत ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. काही आठवड्यांनी तो उलट बोलायला लागला, वस्तू फेकायला लागला. घरच्यांनी पोळीला चोरी म्हटलं आणि बाकीच्याला संस्थेचं वळण. संस्थेत वाढलेली मोठी मुलं नव्या घरात असंच वागतात. आधी पाहुण्यासारखी शहाणी राहतात, मग ‘मी वाईट वागलो तरी तुम्ही मला ठेवाल का’ हे तपासून बघतात. आईवडिलांना ते आधी समजावलेलं असेल तर तोच काळ नातं घट्ट करतो. या घराला ते कोणीच सांगितलं नव्हतं. त्या मुलाला दुसऱ्यांदा सोडलं गेलं. मी पुढे त्याला भेटले तेव्हा त्याने मला विचारलं, “मी काय केलं होतं?” काहीच नाही, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं वेळेबद्दलचं आहे. भेट अशा वेळी ठरवा की घरातले सगळे भेटतील. वाळूजला शिफ्टमध्ये काम करणारा नवरा दुपारी झोपेतून उठून तुमच्यासमोर बसला तर तो ‘हो, हो’ एवढंच म्हणेल. त्याच्या सुटीच्या दिवशी जा. एकत्र कुटुंब असेल तर दीर-जावा, त्यांची मुलं, म्हातारी माणसं सगळ्यांशी बोला. नवऱ्याशी आणि बायकोशी वेगवेगळं बोललंच पाहिजे. तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत जाता हे काहींना आवडत नाही; आधीच शांतपणे सांगून टाका की पद्धतच अशी आहे. एकट्याने बोलताना कित्येक पुरुषांनी मला सांगितलं आहे, “तिच्यासाठी करतोय.” हे वाक्य प्रामाणिक असतं, पण तिथे थांबायचं नाही. तुमच्यासाठी काय, असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

उपचार अजून चालू आहेत का, हे विचारायला संकोचू नका. जालना रोडवरच्या एखाद्या केंद्रात पुढच्या महिन्याची टेस्ट ट्यूबची तारीख ठरलेली असते आणि इकडे दत्तकाची फाइल पुढे सरकत असते. अशा घरात येणारं मूल दुसरा पर्याय म्हणून येतं. तसंच, पोटचं मूल गमावलेल्या आईबापांना घाई करू देऊ नका. त्याच नावाने, त्याच कपड्यांत नवं मूल बघायचं असेल तर ते दुःख अजून ओलं आहे.

गोरंच हवं, अमुक जातीचं असेल तर बरं, घराण्यात दिसायला शोभलं पाहिजे. हे थेट विचारलं तर कोणी कबूल करत नाही. मी विचारते, “बाळ घरी आलं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, हे तुमच्यातलं वाटत नाही, तर तुम्ही काय म्हणाल?” काहीजण रागावतात, काहीजण हसून टाळतात, आणि काहीजण शांतपणे म्हणतात की आमचंच आहे. मुलाला दत्तकाबद्दल केव्हा आणि कसं सांगणार, हाही प्रश्न असाच. “कळूच देणार नाही” हे उत्तर मी अजूनही ऐकते. त्या पालकांना समजावावं लागतं की मोठं झाल्यावर मूळ शोधण्याचा हक्क मुलाला नियमांनीच दिला आहे, आणि ते बाहेरून कळण्यापेक्षा आईच्या तोंडून लहानपणीच कळलेलं बरं.

आपल्याकडे दत्तक म्हटलं की अजूनही गादी आठवते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बडोद्याचे सयाजीराव महाराज झाला, कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. तिथे राज्याला वारस हवा होता. त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, आपला मुलगा मानलं. तिथे गादी नव्हती, मुलाला आईबाप हवे होते. मी घरात शिरते तेव्हा बघते की हे घर यातल्या कोणत्या वाटेचं आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न सातबाऱ्यावर येऊन ठेपतो. देशात मुलांपेक्षा मुली जास्त दत्तक घेतल्या जातात. ज्या भागात बीडसारख्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, तिथे हे ऐकून आनंद वाटतो. पण थोडं खोदलं की काही घरांतून निघतं, “मुलगी लग्न होऊन जाईल, जमिनीचा वाटा मागणार नाही.” भावकीची भीती त्यामागे असते. तेव्हा स्पष्ट सांगायचं: बाल न्याय कायद्याने दत्तक आलेलं मूल, मुलगी असो वा मुलगा, पोटच्या मुलासारखंच वारस आहे. भावांसमोर हे बोलायची तयारी आहे का, हे त्या घरात बसूनच तपासा. मोठा दीर उठून बाहेर गेला तर तेही अहवालात लिहा.

शहागंज, रोशन गेटकडच्या कुटुंबांकडे जाताना वेगळी तयारी लागते. मुस्लिम दांपत्यांना पूर्वी १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याने फक्त पालक होता येत असे. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४मध्ये स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतं आणि तसं करणं ऐच्छिक आहे. तरी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात मुलाच्या मूळ वडिलांच्या नावाचा आणि वारशाचा प्रश्न असतो. तो श्रद्धेतून येतो. आदराने ऐकून घ्या, धर्मशास्त्रावर वाद घालू नका, पण मुलाला घरात काय स्थान मिळणार याचं उत्तर घेतल्याशिवाय निघू नका.

घर बघताना श्रीमंती मोजू नका. या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. हडकोतल्या दोन खोल्यांत पिंप भरून नेटका संसार करणारी, संध्याकाळी मुलांना गोळा करून शिकवणारी बाई मला याच शहराच्या सातारा परिसरातल्या मोठ्या बंगल्यापेक्षा अधिक आश्वासक वाटली आहे. कागदांबाबत एक व्यावहारिक गोष्ट: शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून आधारवर एक, विवाह प्रमाणपत्रावर दुसरं असं असतं. त्यावरून कोणाचा अर्ज अडवू नका, फक्त नोंद ठेवा.

पैशांबद्दल नव्या मुलांना स्पष्ट बोलावंच लागेल. आपल्याला अहवालामागे मानधन मिळतं, ते उशिरा मिळतं, आणि कन्नडला जाण्यायेण्याचा खर्च कधी कधी त्यातूनच निघतो. त्यामुळे एका फेरीत दोन-तीन घरं उरकायचा मोह होतो. करू नका. एका दिवशी एकच घर घ्या आणि त्याच रात्री टिपणं लिहून काढा, माणसांनी वापरलेल्या शब्दांत. पालकांनी भरायचं शुल्क नियमांनी ठरवलेलं आहे. त्यापलीकडे पाकीट, साडी, दिवाळीचा डबा काहीही घेऊ नका. “ताई, तेवढं लवकर करा” असं म्हणणारे पालक वाईट नसतात. देशभरात तीस हजारांहून अधिक पालक नोंदणी करून थांबले आहेत आणि २०२४-२५मध्ये देशात आणि परदेशात मिळून ४,५१५ दत्तकविधानं झाली, तीही गेल्या दशकातली सर्वाधिक. वाट बघणं तीन वर्षांच्या पुढे जातं. त्यांची कासाविशी खरी असते. त्यांना खोटा दिलासा देऊ नका आणि रांग कोणासाठी सरकवता येते असा भासही निर्माण करू नका.

याच कासाविशीचा फायदा घेणारे लोक आहेत. ‘एका दवाखान्यात बाळ आहे, शंभराच्या बाँडवर करून देतो’ असा निरोप कुणाच्यातरी ओळखीतून येतो. मे २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अनाथ बाळांचे फोटो आणि फोन नंबर असलेले संदेश मोबाइलवर फिरत होते. पालकांना सांगा की असं मूल घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, आणि मुलाची विक्री झाली असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कोणी सोडून दिलेलं मूल आढळलं तर १०९८ला फोन करायचा. ते बाल कल्याण समितीसमोर जातं, आई स्वतः सुपूर्द करत असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस मिळतात, आणि मगच ते दत्तकासाठी मुक्त होतं. हे सगळं नीट झालेलं नसेल तर पुढे कधीही त्या मुलाला घरातून उचललं जाण्याची भीती राहते.

‘आत्ता शिफारस नाही’ असं लिहायची वेळ येते तेव्हा कारणं स्पष्ट लिहा आणि पालकांना समोर बसवून सांगा. रडारड होते, शिव्याही मिळतात. समुपदेशन घेऊन, घरच्यांशी बोलून पुन्हा या, हे सांगणंही कामाचा भाग आहे. एक अहवाल तीन वर्षं ग्राह्य धरला जातो. मधल्या काळात घरातलं माणूस गेलं, नोकरी सुटली, बाई गरोदर राहिली तर तो अहवाल जुना झाला, हे पालकांना आधीच बजावून ठेवा. मूल घरी आल्यावरची पाहणी दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं असते. तिथे मुलाशी एकट्याने बोला. मोठं मूल असेल तर चहापोहे सोडून त्याच्याबरोबर अंगणात जा.

शेवटचा मुद्दा कटू आहे. तुमच्या अहवालातलं एखादं वाक्य काढून टाका, भाषा जरा सौम्य करा, असा निरोप एखाद्या कार्यालयातून येऊ शकतो. मला आला आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्याने दत्तकाचा आदेश द्यायचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं, पण सही कोणाचीही असो, त्या माणसाने ते घर पाहिलेलं नसतं. तो तुमच्याच कागदावर विसंबतो. म्हणून तोंडी सांगितलेला बदल कधीही करू नका. काय बदलायचं आणि का, हे ईमेलवर मागा, उत्तरही ईमेलवरच द्या, मूळ अहवालाची तारखेसह प्रत स्वतःकडे कुलपात ठेवा आणि गरज पडली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी कळवा. पुढचं काम कदाचित मिळणार नाही. पॅनेलवर येण्याआधी घरच्यांना एवढं सांगून ठेवा.