योगाचे मूळ आणि शाळेतील दहा मिनिटे

कासू परिसरातील शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच २१ जून येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली मान्य केलेला योगदिन २०१५ पासून आपणही पाळतो. पटांगण ओले असते, म्हणून मुले पडवीत दाटीवाटीने बसतात. छायाचित्र निघते, अहवाल जातो आणि पुढे वर्षभर योगाचे नाव निघत नाही. यात दोष केवळ शिक्षकांचा नव्हे. योग म्हणजे अंग वाकविण्याची कसरत, ही समजूत आपण सर्वांनीच वाढू दिली आहे.

मुळात पाहू गेल्यास चित्र निराळे दिसते. ‘युज्’ या धातूचे जोडणे व समाधी असे दोन अर्थ व्याकरणात आहेत. पतंजलींच्या भाष्यकारांनी दुसरा स्वीकारला. योगसूत्रे सुमारे दोनशे. त्यांपैकी आसनाला वाहिलेली अवघी तीन. त्यांत अपेक्षा एवढीच, की बैठक स्थिर व सुखावह असावी. आसनांचा विस्तार पुढे हठयोगाच्या ग्रंथांत झाला. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिकेतही आसने पंधराच आहेत. मराठीत हा विषय ज्ञानेश्वरांनी १२९० साली सहाव्या अध्यायात इतक्या बारकाईने उलगडला, की शिक्षकाने तो अध्याय एकदा तरी स्वस्थपणे वाचावा. शाळांतून घातले जाणारे सूर्यनमस्कार मात्र या जुन्या ग्रंथांतले नव्हेत; त्यांचा शाळांतील प्रसार विसाव्या शतकात औंधच्या पंतप्रतिनिधींनी केला. अर्वाचीन म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

कासूहून पेण-खोपोलीमार्गे बोरघाट चढला की लोणावळे लागते. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले. पूर्वाश्रमीचे हे जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम केलेले, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने तपासले आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. परंपरेविषयी पूर्ण आदर आणि तरीही पुराव्याचा आग्रह, ही त्यांची वृत्ती मला विशेष अनुकरणीय वाटते.

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या कार्यक्रमात तिसरीतील मुलाने शीर्षासन करून दाखविले. मी टाळ्या वाजविल्या, पुन्हा कर म्हटले. दुसऱ्या वेळी तो मानेवर कोसळला. सुदैवाने दुखापत किरकोळ होती. परंतु त्याचा पांढराफटक झालेला चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवशी चूक मुलाची नव्हती, शिकविणाऱ्याचीही नव्हती. प्रदर्शन मागणाऱ्या माझी होती.

प्राथमिक वर्गासाठी ताडासन, वृक्षासन, वज्रासन, भुजंगासन व शेवटी शवासन एवढे पुरे आहे. पाठीचा कणा, श्वास आणि लक्ष या तिन्हींना त्यात काम मिळते. उच्छ्वास सावकाश सोडला की नाडी मंदावते. मुलांनी मनगटावर बोट ठेवून ती आधी व नंतर मोजावी, म्हणजे विज्ञानाचा पाठही होतो. श्वास रोखून धरण्यास मुलांना सांगू नये. पोषण आहारानंतर वज्रासनाखेरीज काही घेऊ नये. परिपाठानंतरची दहा मिनिटे सर्वांत सोयीची. योगाने अमुक रोग बरा होतो असे पालकांना सांगू नये. आजारी मुलाला दवाखान्यातच पाठवावे. एखाद्याचा गुडघा वळत नसेल, तर त्याला तसेच बसू द्यावे आणि इतरांना हसू देऊ नये.

दोनशिक्षकी शाळेत चौथीची मुले पहिलीच्या मुलांशेजारी एकास एक बसवून पाहावीत. धाकटी मुले सूचनेपेक्षा शेजारच्याकडे पाहून लवकर शिकतात. लावणीच्या दिवसांत हजेरी कमी असली, तरी आलेल्यांचा क्रम मोडू नये. फरशीला ओल आली असल्यास सतरंजी दुहेरी घालावी. तीही भिजली असेल, तर भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून ताडासन व श्वास एवढेच घ्यावे.