एकदाच वापरावयाचा कॅमेरा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. एके काळी येथील डोंगर उजाड होते. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. त्यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी नाल्यांवर बांध घातले, उतारांवर चर खणले, झाडे लावली. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरू लागले आणि विहिरी भरल्या. समजा, एखाद्या शाळेची सहल हे पाहावयास निघाली आहे व एका विद्यार्थ्याजवळ एकदाच वापरून टाकून द्यावयाचा कॅमेरा आहे. तो त्यास कितपत उपयोगी पडेल?

हा कॅमेरा म्हणजे पुठ्ठ्याच्या वेष्टनातील प्लॅस्टिकची हलकी पेटी होय. तिच्यात बहुधा २७ चित्रांचा रोल आधीच भरलेला असतो. जपानच्या फुजी कंपनीने १९८६ साली असा कॅमेरा विक्रीस आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कोडॅक कंपनीनेही आणला. त्याचे भिंग एका जागी पक्के बसविलेले असल्यामुळे अंतर जुळविण्याची यातायात नाही. कळ दाबली की काम झाले. शिवाय त्यात एक नामी युक्ती आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांत फिल्म कारखान्यातच उलगडून ठेवलेली असते आणि एकेक चित्र घेतले की तेवढा भाग डबीत परत गुंडाळला जातो. त्यामुळे पेटी मध्येच फुटली, तरी घेतलेली चित्रे बहुधा वाचतात.

भर उन्हात बांधाचे किंवा झाडांच्या रांगांचे चित्र चांगले येईल. परंतु यादवबाबांच्या मंदिरात शिरताच अडचण सुरू होते, कारण फ्लॅशचा उजेड साधारण तीन मीटरपर्यंतच पोचतो. उलट, हातभर अंतरावरचे रोपटे टिपू गेल्यास ते अस्पष्ट उमटते. चित्र कसे आले हे रोल धुतल्यावाचून कळत नाही आणि रोल धुणारी दुकाने आता थोडीच उरली आहेत. तरीही २७ हा आकडा अगदीच वाईट नव्हे. चित्रे मोजकीच असल्यामुळे मुलगा कळ दाबण्यापूर्वी बांधाकडे नीट पाहील. पाणी कोठून येते, कोठे अडते, हे त्याच्या ध्यानात येईल.

रोल संपल्यावर पेटीचे काय करावे? ती उकलून पाहण्याचा मोह आवरलाच पाहिजे. फ्लॅशसाठी आतील लहानशा बॅटरीवरून सुमारे ३०० व्होल्ट दाबाची वीज साठविली जाते व तिचा जबर धक्का बसू शकतो. पेटी नाल्यात फेकली, तर ती पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन पुढच्या बांधाला अडकेल. रोल धुणाऱ्यांकडून रिकाम्या पेट्या परत घेऊन त्यांचे भाग पुन्हा वापरण्याची व्यवस्था या कंपन्यांनी केली. मात्र पेटी तेथवर पोचली तरच तिचा उपयोग.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी विकलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवावा लागे. तेथे चित्रे तयार होत, नवी फिल्म भरली जाई आणि चित्रांसह तोच कॅमेरा मालकाकडे परत येई.