विशेषनाम कोणाला मिळते? : वस्तुसंग्रहालयातील नामे

विशेषनाम आणि सामान्यनाम हा भेद आपण शाळेतच पाठ केला आहे. तो व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर कसा वावरतो, हे पाहण्यासाठी आपण मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊ.

ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. संग्रहालयाच्या उभारणीसाठी झटलेल्या भाऊ दाजींचे नाव तिला १९७५ मध्ये मिळाले. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. विशेषनाम असे ठराव करून बदलता येते. लोकांची जीभ मात्र ठरावाने बांधली जात नाही. शेजारचे उद्यान कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाचे आहे, तरी बोलण्यात अजून ‘राणीची बाग’च येते.

संग्रहालयाबाहेरील दगडी हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. म्हणजे प्राण्याचे सामान्यनाम बेटाचे विशेषनाम झाले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत हा हत्ती भंगला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले. आज हत्ती भायखळ्यात आहे आणि नाव बेटावर. ज्या वस्तूवरून नाव पडले ती निघून गेली, तरी विशेषनाम टिकते. याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आत या. दालनात राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच इमारतीत काचेच्या कपाटांत मुंबईतील नाना जातीजमातींच्या आणि व्यावसायिकांच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. पगड्यापागोट्यांची घडणसुद्धा बारकाईने दाखवली आहे. कारागिरी उत्तमच. पण अल्बर्ट एकटा आहे, नावाने ओळखला जातो. या मूर्तींची ओळख व्यवसाय किंवा जात एवढीच. आपल्या जुन्या व्याकरणांत ‘एकाच जातीच्या वस्तूंना’ दिलेले ते सामान्यनाम, अशी व्याख्या आढळते. या कपाटांसमोर त्यातील ‘जात’ हा शब्द निव्वळ पारिभाषिक राहत नाही. ज्या माणसाला पाहून मूर्तिकाराने हात चालवला असेल, त्यालाही घरी कोणीतरी नावानेच हाक मारत असणार.

स्वाध्याय : आपल्या जवळच्या संग्रहालयातील दहा नामपट्ट्या उतरवून घ्या. वस्तू घडवणारा, वापरणारा आणि भेट देणारा यांपैकी कोणाचा उल्लेख विशेषनामाने व कोणाचा सामान्यनामाने केला आहे, ते नोंदवा. ज्याचा उल्लेखच नाही, त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा.