चेंडू मागे, पाऊल पुढे

पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात फिजी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यात लहानमोठी तीनशेहून अधिक बेटे असून त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. व्हिती लेवू हे सर्वांत मोठे बेट. राजधानीचे शहर सुवा याच बेटावर वसलेले आहे. किनाऱ्यावर नारळीची झाडे, आतल्या बाजूस हिरवे डोंगर आणि सपाटीवर उसाचे मळे, असे या बेटाचे रूप आहे. या मळ्यांवर राबण्यासाठी १८७९ ते १९१६ या काळात भारतातून हजारो मजूर करार करून नेण्यात आले. ‘गिरमिटिया’ या नावाने ते ओळखले जात. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात.

सोलापूरसारख्या एका शहरात जेवढी माणसे राहतात, जवळजवळ तेवढीच या सबंध देशाची लोकसंख्या आहे. परंतु एका खेळात या चिमुकल्या देशाने मोठमोठ्या राष्ट्रांना हार खायला लावली आहे. तो खेळ म्हणजे रग्बी.

रग्बीचा चेंडू गोल नसतो, तर लंबगोल असतो. त्यामुळे तो जमिनीवर आपटला म्हणजे कोणत्या बाजूस उसळेल याचा नेम नसतो. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात आणि ४० मिनिटांचे दोन डाव मिळून सामना पूर्ण होतो. चेंडू हातात घेऊन धावत जायचे आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, हा या खेळातील मुख्य पराक्रम. त्याला ‘ट्राय’ म्हणतात. एका ट्रायचे ५ गुण मिळतात. त्यानंतर लाथेने चेंडू दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या वरून पार केला, तर आणखी २ गुण मिळतात. ७ खेळाडूंच्या संघांचा रग्बीचा एक आटोपशीर प्रकारही आहे. त्याचे दोन डाव अवघे सात सात मिनिटांचे असतात. ऑलिंपिक स्पर्धेत हाच प्रकार खेळला जातो.

या खेळाचा एक नियम मोठा विलक्षण आहे. जायचे असते पुढे. पण सोबत्याकडे चेंडू हाताने द्यायचा, तो पुढे फेकता येत नाही. तो मागेच किंवा बाजूलाच द्यावा लागतो. शिवाय प्रतिपक्षाने धरून खाली पाडले, तर चेंडू कवटाळून बसता येत नाही. तो तत्काळ सोडावा लागतो. अशा वेळी मागून येणारा सोबती जागेवर हजर नसेल, तर चेंडू गेलाच म्हणून समजावे. म्हणून चेंडू घेऊन धावणाऱ्याइतकेच महत्त्व त्याच्या मागून धावणाऱ्यालाही असते.

फिजीत रग्बी पोचला तो ब्रिटिशांच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढे तो बेटाबेटांवर पसरला. गावातील मोकळी जागा, समुद्रकाठची वाळू, जेथे जागा मिळेल तेथे मुलगे खेळू लागले. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये फिजीच्या पुरुषांनी ७ खेळाडूंच्या रग्बीत ग्रेट ब्रिटनचा ४३–७ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमधील फिजीचे हे पहिलेच पदक! देशाला एवढा आनंद झाला, की या विजयाच्या स्मरणार्थ सरकारने चक्क ७ डॉलरची नोट काढली.

त्याच रिओमध्ये फिजीच्या मुलींचाही संघ खेळला होता. तो आठवा आला. त्यांच्यासाठी कोणी नोट काढली नाही. रग्बी हा धसमुसळा खेळ. तो मुलांनी खेळावा, मुलींचे ते काम नव्हे, असेच फिजीतील पुष्कळांचे मत होते. मैदानावर जाणाऱ्या मुलीला बाहेर टोमणे आणि घरी नाराजी सोसावी लागे. मुलींनी या बोलण्याला उत्तर दिले नाही. त्या खेळत राहिल्या. फिजीच्या महिला संघाचे नाव ‘फिजियाना’. हे नाव जगाच्या कानांवर पडण्यास आणखी पाच वर्षे जावी लागली.

महामारीमुळे २०२० चे ऑलिंपिक २०२१ साली टोकिओत भरले. त्या वेळी फिजीत रोगाने थैमान घातले होते. संघातील मुली घरापासून दूर, ऑस्ट्रेलियात सराव करीत होत्या. घरच्या माणसांची काळजी मनात घेऊनच त्यांना टोकिओचे मैदान गाठावे लागले. रुसिला नांगासाऊ ही त्यांची कर्णधार होती. उपांत्यपूर्व सामन्यात त्यांची गाठ पडली ती रिओच्या विजेत्या ऑस्ट्रेलियाशी. फिजीने तो सामना १४–१२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात बलाढ्य न्यूझीलंडने त्यांना हरवले खरे. पण त्यासाठी न्यूझीलंडला जादा वेळ खेळावे लागले. अखेरीस ग्रेट ब्रिटनला २१–१२ असे नमवून फिजीच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले. फिजीच्या स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले पदक होते.

७ खेळाडूंचा खेळ साधला. पण १५ खेळाडूंच्या मोठ्या खेळात आपण टिकाव धरू काय? तेथे चपळाईबरोबर दम लागतो, अंगबळ लागते आणि अनुभवही लागतो. हा अनुभव मिळवण्यासाठी २०२२ साली फिजीच्या महिलांचा एक संघ ऑस्ट्रेलियातील ‘सुपर डब्ल्यू’ या स्पर्धेत प्रथमच उतरला. ‘द्रुआ’ हे नाव त्याने धारण केले होते. द्रुआ म्हणजे फिजीतील जुन्या काळची शिडाची जोडनाव. दोन नावा शेजारी शेजारी जोडून ती तयार करीत. त्यांपैकी एक मोठी आणि एक लहान असे. लहान नाव नसेल, तर मोठी नाव लाटांत कलंडेल, अशी तिची रचना असते. ज्या देशात पुरुषांच्या खेळाचे कौतुक मोठे आणि स्त्रियांच्या खेळाचे लहान होते, त्या देशाच्या मुलींना हे नाव किती शोभून दिसले असेल! या नवख्या संघाने एकही सामना न गमावता अंतिम फेरी गाठली आणि मेलबर्न येथे न्यू साउथ वेल्सच्या अनुभवी संघाला ३२–२६ असे हरवून पहिल्याच वर्षी विजेतेपद पटकावले.

खरी कसोटी पुढेच होती. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात न्यूझीलंडमध्ये महिलांची विश्वचषक स्पर्धा भरली. ही स्पर्धा १९९१ साली वेल्समध्ये सुरू झाली होती. फिजी मात्र तीत प्रथमच भाग घेत होता. पहिलाच सामना ८ ऑक्टोबर रोजी ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर होता, आणि समोर होता इंग्लंडचा संघ. हा संघ त्यापूर्वी सलग २५ सामने जिंकून आला होता. फिजीच्या मुली पूर्वार्धात निकराने झुंजल्या. नंतर मात्र त्यांचा दम सरला आणि इंग्लंडच्या ट्रायमागून ट्राय होत गेल्या. सामना संपला तेव्हा फलक सांगत होता: इंग्लंड ८४, फिजी १९.

एवढ्या मोठ्या पराभवानंतर एखादा संघ खचून गेला असता. पहिलीच वेळ, परके मैदान, हजारो प्रेक्षक आणि हा असा निकाल! ‘हा खेळ मुलींचा नव्हेच’, असे म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले असते. पुढील सामन्याला आठच दिवस उरले होते. या आठ दिवसांत नवे खेळाडू आणता येणार नव्हते की नवे बळही. आपले काय चुकले हे पाहणे आणि पुन्हा उभे राहणे, एवढेच त्यांच्या हाती होते.

१६ ऑक्टोबरला फिजीची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. सामना अखेरपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटची मिनिटे उरली तरी फिजीचा संघ मागे होता. परंतु मुलींनी धीर सोडला नाही. एकीच्या हातून दुसरीच्या हाती, असा चेंडू फिरत राहिला, आणि अखेरच्या क्षणी कारालाइनी नाइसेवा हिने गोलरेषा ओलांडून ट्राय केली. फिजीने हा सामना २१–१७ असा जिंकला. विश्वचषकातील पहिलाच प्रवेश आणि त्यातच पहिला विजय! त्यानंतर फ्रान्सने त्यांचा ४४–० असा पराभव केला आणि फिजीचा संघ घरी परतला. तथापि आठ दिवसांपूर्वीचा तो ८४–१९ चा डाग आता डाग राहिला नव्हता. तो एक धडा झाला होता.

उत्कर्षाची वाट सरळ चढणीची नसते. २०२३ साली द्रुआ संघाने ऑस्ट्रेलियातील ती स्पर्धा पुन्हा जिंकली. पण २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये फिजीच्या मुली १२ संघांत अगदी शेवटच्या क्रमांकावर राहिल्या. टोकिओत पदक मिळवणाऱ्यांच्या वाट्याला तीनच वर्षांत हा अनुभव आला. नव्याने वर येणाऱ्यांना असे चढउतार सोसावेच लागतात. जुन्या नामवंत संघांजवळ पैसा असतो, मैदाने असतात, खेळ हाच व्यवसाय करणारे खेळाडू असतात. लहान देशाला या साऱ्यांची जुळवाजुळव करीत करीतच खेळावे लागते.

२०२५ साली विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली. संघांची संख्या या वेळी १२ वरून १६ करण्यात आली होती. त्यामुळे ब्राझीलसारख्या देशालाही प्रथमच संधी मिळाली. फिजीचा पहिला सामना कॅनडाशी झाला आणि ६५–७ असा मोठा पराभव पदरी पडला. दुसऱ्या सामन्यात स्कॉटलंडने २९–१५ अशी मात केली. पुढील फेरीची आशा मावळली. आता उरला होता वेल्सविरुद्धचा सामना. दोन्ही संघांना पुढे जाण्याची संधी नव्हती. मिळवायचे असे काही उरले नव्हते. राखायचा होता तो फक्त स्वाभिमान. ज्या वेल्समध्ये या स्पर्धेचा जन्म झाला, त्या वेल्सला ६ सप्टेंबर रोजी एक्झेटर येथे फिजीने २८–२५ असे हरवले.

या स्पर्धेचा अंतिम सामना लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर झाला. तो पाहण्यास ८१,८८५ प्रेक्षक लोटले होते. इंग्लंडने कॅनडाला ३३–१३ असे हरवून चषक जिंकला. फिजीच्या मुली त्या दिवशी मैदानावर नव्हत्या. त्यांच्या नावावर विश्वचषकातील दोनच विजय होते. जगाच्या हिशेबात ते थोडेच म्हणावे लागतील.

परंतु हिशेब दुसऱ्या प्रकारेही मांडता येतो. रिओमध्ये आठव्या आलेल्या मुलींना ना मान मिळाला, ना पदक. तरीही त्या खेळत राहिल्या, म्हणून टोकिओत पदक आले. टोकिओचे पदक आले, म्हणून बेटांवरील कितीतरी घरांतून मुलींना मैदानावर जाण्याची वाट थोडी मोकळी झाली. पुढे धावणारीने चेंडू मागे दिला आणि मागून येणारीने तो पुढे नेला. रग्बीच्या मैदानावर हा केवळ नियम आहे. फिजीच्या मुलींनी तो मैदानाबाहेरही पाळून दाखवला.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) रग्बीत सोबत्याकडे चेंडू देण्याचा कोणता नियम आहे?
(आ) ‘द्रुआ’ म्हणजे काय? ते नाव फिजीच्या मुलींना का शोभून दिसते?
(इ) ८ ऑक्टोबर आणि १६ ऑक्टोबर २०२२ या दोन दिवशी काय घडले?

२. कारणे द्या.
(अ) रग्बीत मागून धावणाऱ्या खेळाडूलाही महत्त्व असते.
(आ) वेल्सविरुद्धच्या सामन्यात मिळवायचे काही नसतानाही फिजीच्या मुली जिद्दीने खेळल्या.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
थैमान घालणे, टिकाव धरणे, खचून जाणे, धीर न सोडणे.

४. ‘उत्कर्षाची वाट सरळ चढणीची नसते’ हे पाठातील प्रसंगांच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.