मुलचेरा परिसरातील नौकाभ्रमण : परवानगी, पाणी आणि मुक्काम

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि एकपाती वल्ह्याने चालणारी हलकी नाव. गडचिरोली-चंद्रपूरच्या नदीकाठी हेच काम डोंगा, म्हणजे एकाच खोडातून कोरलेली नाव, पूर्वापार करीत आला आहे. मुलचेऱ्याकडे अशा नावेतून मुक्कामी भटकंती करू इच्छिणाऱ्याचे लक्ष प्रथम चपराळ्याकडे जाते, कारण तेथे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. मात्र काठाला १९८६ साली घोषित झालेले चपराळा अभयारण्य असल्याने, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवेशास वनखात्याची परवानगी लागते आणि आत विस्तव पेटवता येत नाही. शिवाय वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणातून विसर्ग वाढला की खालच्या पात्रातील पाणी चढते. म्हणून वाळूच्या बेटावर तंबू ठोकणे हा शुद्ध अविचार होय.

नवख्यांसाठी रेगडीजवळचा दिना धरणाचा कन्नमवार जलाशय अधिक योग्य ठरतो. १९६२-६३ मध्ये मुख्यमंत्री असलेल्या मारोतराव कन्नमवारांचे नाव त्याला दिलेले आहे. येथेही नाव उतरवण्यापूर्वी पाटबंधारे विभाग, वनखाते आणि, जिल्हा नक्षलप्रभावित राहिलेला असल्याने, जवळचे पोलीस ठाणे यांना मार्ग, माणसे आणि परतीची वेळ लेखी कळवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; परंतु सिंचनासाठी पाणी सुटू लागले की पातळी उतरते, काठावर गुडघाभर चिखल उघडा पडतो आणि बुडीत क्षेत्रातील झाडांचे खुंट पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात, जे वाऱ्याने पाणी हलत असताना मुळीच दिसत नाहीत. त्यामुळे स्थानिक मच्छीमारास मोबदला देऊन सोबत घ्यावे, त्याने टाकलेल्या जाळ्यांना वळसा घालावा आणि वल्हवण्याचे काम सकाळीच उरकावे.

रात्रीचा मुक्काम जंगलात न करता ग्रामपंचायतीच्या संमतीने गावालगत करावा; परिसरात वाघाचा वावर आहे आणि हिवतापाचा धोकाही मोठा असल्याने मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्याखेरीज झोपू नये. नाव काठावर पूर्ण ओढून झाडाला बांधावी, शिधा जलरोधक पिशवीत ठेवावा आणि पाणी उकळूनच प्यावे. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट नसेल, तर नाव पाण्यात घालूच नये.