तुकड्यावरून त्रिज्या

त्रिज्या म्हणजे काय असे विचारले तर तुमच्यापैकी कोणीही चटकन सांगेल, ‘वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतचे अंतर.’ व्याख्या अचूक आहे. पण ती पाठ झाली की मनात एक समजूत बसते : त्रिज्या मोजायची तर आधी केंद्र सापडले पाहिजे. वहीवर कंपासने वर्तुळ काढताना केंद्र आपणच ठरवतो, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. वहीबाहेर मात्र बहुतेक वेळा वर्तुळाचा एखादा तुकडाच दिसतो आणि केंद्राचा पत्ता नसतो.

सिंधुदुर्गनगरीचे, म्हणजे ओरोसचे, उदाहरण घ्या. येथील सिंधुदुर्ग स्थानक कोकण रेल्वेवर कणकवली आणि कुडाळ यांच्या मध्ये आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा सगळा मार्ग खुला झाला. मार्ग आखताना अभियंत्यांनी एक अट घालून घेतली होती : मुख्य मार्गावरील कोणत्याही वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी असू नये. आता अशा वळणाचे केंद्र कोठे असेल? रुळांपासून सव्वा किलोमीटर दूर. एखाद्या डोंगराच्या पोटात, नाहीतर कोणाच्या तरी काजूच्या बागेत. तेथे खुंटी ठोकून रुळांपर्यंत दोरी ताणणे शक्य नाही. तरीही वळणाची त्रिज्या बिघडली नाही ना, हे रुळांची देखभाल करणारे कर्मचारी वेळोवेळी तपासतात. तपासतात ते एका दोरीनेच, पण ती असते अवघी २० मीटरची!

बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला या दोरीची दोन्ही टोके टेकवून ती ताठ धरतात. रूळ वाकलेला आणि दोरी सरळ, म्हणून मध्यभागी दोघांत थोडी फट पडते. ती फट पट्टीने मोजायची. वळणाची त्रिज्या १२५० मीटर असेल तर फट बरोबर ४ सेंटिमीटर भरते. ४ ऐवजी ५ भरली तर त्या जागी त्रिज्या १००० मीटरच उरली आहे, म्हणजे रूळ सरकला आहे. (हे काम त्या कर्मचाऱ्यांचे आहे. तुम्ही पट्टी घेऊन रुळांकडे फिरकायचेही नाही. तुमच्यासाठी घरचा प्रयोग पुढे दिला आहे.)

रेल्वेच्या कागदपत्रांत या फटीला ‘व्हर्साइन’ म्हणतात. आपल्या जुन्या गणितज्ञांनी तिला त्याहून सुंदर नाव दिले होते : शर. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, म्हणून तो चाप. त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे धनुष्याची दोरी, म्हणून ती जीवा किंवा ज्या. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंत जाणारा तो शर, म्हणजे बाण. खुद्द ‘त्रिज्या’ हा शब्दही याच घराण्यातला. एक राशी म्हणजे ३० अंश, तीन राशी म्हणजे ९० अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. (ज्या म्हणून पुढे अर्धी जीवाच वापरली जाऊ लागली, आणि ९० अंशांना ती केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी होते.)

इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आपल्या ग्रंथात आर्यभटाने शराचा नियम दिला आहे. जीवा आणि तिला मध्यावर काटकोनात छेदणारा व्यास वहीवर काढा. जीवेमुळे व्यासाचे दोन भाग पडतात : एक लहान, तो शर, दुसरा मोठा, उरलेला व्यास. या दोन भागांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाएवढा असतो. एकमेकींना छेदणाऱ्या जीवांचे जे प्रमेय तुम्ही भूमितीत शिकता, ते हेच. जीवा ज, शर श आणि त्रिज्या त्र मानली तर

श × (२त्र − श) = (ज ÷ २)²

यावरून

त्र = (ज² ÷ ८श) + (श ÷ २)

या सूत्रात केंद्र कोठेच आलेले नाही. जीवा मोजायची, शर मोजायचा, की झाले. शर जीवेच्या मानाने फारच लहान असेल तर दुसरे पद सोडून दिले तरी चालते. ज = २० मीटर आणि श = ०.०४ मीटर घालून पाहा, १२५० मीटर उत्तर येईल.

आता घरचा प्रयोग. फुटलेल्या बांगडीचा तुकडा घ्या. (काच जपून हाताळा.) तो कागदावर ठेवून आतल्या कडेने रेघ ओढा आणि मग टोके जोडा. समजा जीवा ४ सें. मी. आणि शर ०.७ सें. मी. भरला. मग त्रिज्या २.८६ + ०.३५, म्हणजे सुमारे ३.२ सें. मी. येते. व्यास झाला ६.४ सें. मी., म्हणजे साधारण अडीच इंच. बाजारात ‘दोन-आठ’ मापाची म्हणून जी बांगडी मिळते, तिचा आतला व्यास अडीच इंचच असतो. येथे शर चांगला मोठा आहे, म्हणून दुसरे पद सोडून चालणार नाही.

मातीच्या भांड्यांचे तुकडे अभ्यासणारे पुरातत्त्वज्ञही असेच करतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला जसे उत्खनन केले, तशा उत्खननांत अखंड भांडी थोडी आणि खापरे फार सापडतात. खापराची काठाकडची कड एकाच केंद्राभोवती काढलेल्या अनेक वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून ती कोणत्या वर्तुळाशी जुळते ते पाहतात. त्यावरून ते तोंड घागरीचे की वाटीचे, हे कळते. मात्र तुकडा फार लहान असेल तर फसगत होते. शर इतका छोटा होतो की मोजण्यातली केसाएवढी चूकही त्रिज्येला कोठल्या कोठे नेते.

पुन्हा रेल्वेकडे येऊ. १२५० मीटरची अट कशासाठी? वळणावर गाडीला आत खेचणारे अभिकेंद्री बल लागते आणि त्यामुळे होणारे त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतके असते. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. त्याचा वर्ग ११११. भागिले १२५० केले की ०.८९ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वत्वरणाच्या साधारण अकराव्या भागाइतके आहे. ते पूर्णपणे सांभाळायचे तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे १६ सें. मी. उंच ठेवावा लागेल. प्रत्यक्षात तो त्याहून कमी उंच ठेवतात, कारण त्याच रुळांवरून सावकाश जाणाऱ्या मालगाड्याही धावतात. त्रिज्या निम्मी केली असती तर हे त्वरण दुप्पट झाले असते. गाडी हळू चालवावी, नाहीतर त्रिज्या मोठी ठेवावी, याशिवाय तिसरा मार्ग नाही. माथेरानच्या छोट्या गाडीने पहिला मार्ग घेतला, कोकण रेल्वेने दुसरा. मोठ्या त्रिज्येची लाइन डोंगराला वळसे घालत बसू शकत नाही, तिला डोंगर पोखरावा लागतो. या मार्गावर सुमारे ९० बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्यामागे त्रिज्येच्या या आकड्याचा मोठा हात आहे.

एक गंमत अशी की सरळ रुळांवरून गाडी एकदम १२५० मीटरच्या वळणावर चढत नाही. सरळ रेषेची त्रिज्या अनंत. अनंतातून एका क्षणात १२५० वर आलो तर प्रवाशांना हिसका बसेल. म्हणून मध्ये एक जोडवळण ठेवतात आणि त्यात त्रिज्या हळूहळू कमी होत जाते. त्या भागाला एक केंद्र असे नसतेच! तरीही त्याच्या प्रत्येक बिंदूला स्वतःची त्रिज्या असते; भौतिकशास्त्रात तिला वक्रता-त्रिज्या म्हणतात.

ओरोसहून मालवणच्या किनाऱ्यावर गेलात की सर्वांत मोठे वळण समोर असते : समुद्राचा पृष्ठभाग. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७१ किलोमीटर. रुळांसाठी दोरी २० मीटरची होती. येथे कल्पनेने २० किलोमीटरची दोरी पाण्यातून सरळ ताणा. शर किती? २० चा वर्ग ४००, भागिले ८ × ६३७१. उत्तर ०.००७८५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ८ मीटर! दोन टोकांमध्ये पाणी दोन मजली घराएवढे फुगलेले असते. दूर गेलेल्या होडीचा तळ आधी दिसेनासा होतो आणि डोलकाठी मागे राहते, ती याच फुगवट्यामुळे. किनाऱ्यावर उभे राहिल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून १.६ मीटर उंच असतील तर क्षितिज साडेचार किलोमीटरवर येते. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक दिसते. अकराव्या शतकात अल्-बेरुनीने नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून (हे ठिकाण आज पाकिस्तानात आहे) क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. पृथ्वीच्या केंद्रापर्यंत कोणी जाण्याची गरज पडली नाही.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत स्फेरोमीटर नावाचे तीन पायांचे उपकरण भेटेल. ते भिंगावर ठेवतात आणि मधला स्क्रू फिरवून भिंगाला टेकवतात. तीन पाय जीवेचे काम करतात आणि स्क्रू सरकतो तो शर. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची त्रिज्या ७.८ मिलिमीटरच्या आसपास असते. तेथे काही टेकवणे बरे नाही, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर त्यावरून परावर्तित झालेली प्रतिमा केवढी दिसते ते मोजतात.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. खंडग्रास चंद्रग्रहणाचे एखादे स्पष्ट छायाचित्र मिळवा. चंद्रावर पडलेल्या पृथ्वीच्या सावलीची कड वर्तुळाचा तुकडा असते. पारदर्शक कागद ठेवून ती कड उतरवून घ्या, जीवा व शर मोजा आणि सावलीची त्रिज्या काढा. तिला त्याच छायाचित्रातल्या चंद्राच्या त्रिज्येने भागा. उत्तर २.७ च्या जवळपास यायला हवे. सावलीची कड पुसट असते, त्यामुळे तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या.